वाचकांचे प्रश्न : कमी पैशांतला सिनेमा, घरचा टीव्ही

या अंकासाठी इंदूरच्या वेगवेगळ्या भागांतून आलेल्या पत्रांत बहुतेकांनी कॅमेऱ्याबद्दल विचारलं आहे, पण पत्रं नीट वाचली तर अडचण कॅमेऱ्याची क्वचितच दिसते. ती आवाजाची असते, दिव्यांची असते, नाहीतर फाइलींची. म्हणून काही उत्तरं मोठी झाली आहेत आणि काही दोन ओळींत संपली आहेत.

रामबाग : आम्ही हौशी नाटकांत काम करणारे पाच जण आहोत. वीस मिनिटांचा मराठी लघुपट करायचा आहे. हाताशी ४०,००० रुपये आणि एक बऱ्यापैकी फोन आहे. कोणता कॅमेरा घ्यावा?

कोणताही घेऊ नका. तुमचा फोन पुरेसा आहे. कॅमेऱ्यावर ४०,००० घातलेत तर आवाज त्याच्याच मायकवर घ्यावा लागेल. चित्र थोडं दाणेदार असलं तर प्रेक्षक चालवून घेतात, पण संवाद कळेना झाला की ते पडद्याकडे बघणंच सोडून देतात.

निम्मे पैसे आवाजासाठी ठेवा : एक छोटा रेकॉर्डर, दोन तारेचे कॉलर माइक आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. उरलेल्यांतून एक चांगला एलईडी दिवा, एक जड ट्रायपॉड आणि दोन हार्ड डिस्क घ्या. दिवा घेताना वॅटपेक्षा सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, त्याचा शंभरापैकी आकडा) बघा, तो ९५ किंवा त्याहून वर हवा. घरातल्या साध्या एलईडी बल्बचा सीआरआय ८०च्या आसपास असतो. त्यात भिंत छान दिसते, पण चेहरा आजारी, हिरवट दिसतो. दिव्यापुढे पांढरं मलमल ताणा आणि समोरच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करा. दिवा १ मीटरवरून २ मीटरवर नेला की चेहऱ्यावरचा उजेड निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो. त्यामुळे दिवा लहान असेल तर तो जवळ आणा, चौकटीच्या अगदी कडेपर्यंत.

फोनचं मूळ कॅमेरा ॲप वापरू नका. ते चालू शॉटमध्ये स्वतःच उजेड आणि रंग बदलत राहतं. आयफोनवर आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट मिळतं, इतर अँड्रॉइडसाठी ओपन कॅमेरा आहे. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५, शटर (एका चित्राला उजेड मिळण्याचा वेळ) १/५० सेकंद, आयएसओ (उजेडासाठीची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढरा दिसण्याची जुळणी) आणि फोकस या पाचही गोष्टी हाताने ठरवून कुलूपबंद करा.

जेवणाखाण्याचे आणि रिक्षाचे पैसे पहिल्याच दिवशी वेगळे काढा. आणि पाचांपैकी एकाने फक्त आवाज सांभाळायचा. हेडफोन त्याच्याच कानांवर राहील आणि "पुन्हा घ्या" म्हणण्याचा हक्क दिग्दर्शकाइतकाच त्यालाही असेल. नवख्यांनी दिवसाला चार पानांपेक्षा जास्त चित्रीकरण धरू नये. नीट मांडलेलं पटकथेचं एक पान साधारण एका मिनिटाचं होतं, म्हणजे तुम्हाला पाच दिवस लागतील. "दोन दिवसांत उरकू" या हिशेबाने निघालेल्या लघुपटाचा शेवट नेहमी घाईत घेतलेला दिसतो.

लोकमान्य नगर : सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात चित्रीकरण केलं. घरी येऊन पाहतो तर सगळ्या चित्रावर काळ्या आडव्या पट्ट्या सरकताहेत. फोन खराब आहे का?

फोन ठीक आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे ट्यूब आणि बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते कळत नाही. फोन मात्र एक फ्रेम वरून खालपर्यंत ओळीओळीने वाचत जातो. ज्या ओळी दिवा मंद असताना वाचल्या गेल्या त्या काळ्या पडतात, तीच तुमची पट्टी.

शटर १/५० ठेवलं तर प्रत्येक ओळीला दिव्याचे बरोबर दोन ठोके मिळतात, १/१०० ठेवलं तर बरोबर एक. सगळ्या ओळींना सारखाच उजेड मिळाला की पट्टी राहत नाही. तुमचा फोन बहुधा ३० फ्रेम आणि १/६० शटरवर होता. १/६० सेकंदात ठोके पडतात १.६७, म्हणजे काही ओळींना जास्त उजेड, काहींना कमी. फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० ठेवा. ३० फ्रेमवरच काढायचं असेल तरी शटर १/५० किंवा १/१००च हवं. मूळ ॲपशिवाय पर्याय नसेल तर त्याच्या सेटिंगमध्ये "अँटी-फ्लिकर" शोधा आणि ते ५० हर्ट्झवर करा.

कढईत जलेबी पडतानाचा संथ शॉट बहुतेकांना हवा असतो. तो १२० फ्रेमवर घेऊ नका. तिथे एका फ्रेमला १/१२० सेकंदापेक्षा जास्त वेळ मिळूच शकत नाही, म्हणजे दिव्याचा एक ठोकाही पुरा होत नाही, आणि पाकावरची चकाकी लपलपत राहते. ५० फ्रेमवर, १/१०० शटरने घ्या आणि संपादनात २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर टाका. बरोबर निम्मा वेग मिळेल आणि लपलप होणार नाही.

एवढं करूनही एखाद्या दुकानाच्या पाटीवर पट्ट्या राहतील. काही स्वस्त एलईडी पाट्या आणि माळा विजेच्या ठोक्यावर चालत नाहीत, त्यांचं सर्किट स्वतःच्या वेगाने त्यांना चालू-बंद करतं. त्यांना १/५० लागू पडत नाही. शटर थोडंथोडं वरखाली करून पट्टी कुठे थांबते ते बघा, नाहीतर पाटी चौकटीबाहेर ठेवा. दहा सेकंद रेकॉर्ड करून तिथेच चित्र मोठं करून बघायची सवय लावा. छोट्या पडद्यावर पट्टी सहज नजरेतून सुटते.

रात्री फोनचं १ एक्स हेच, म्हणजे मुख्य, भिंग वापरा. रुंद आणि दूरच्या भिंगांमागचे सेन्सर बहुतेक फोनांत लहान असतात आणि अंधारात दाणे आधी तिथेच दिसू लागतात. पात्र हलवायाच्या दिव्यापासून हातभर अंतरावर उभं करा, म्हणजे वेगळा दिवा लागणार नाही. आणि सराफ्यात खास सांभाळायची गोष्ट म्हणजे तेलाची वाफ. अर्ध्या तासात भिंगावर पातळ तवंग बसतो आणि प्रत्येक बल्बभोवती धुरकट वलय दिसायला लागतं. वलय दिसलं की फोकस तपासत बसू नका, स्वच्छ सुती कापडाने भिंग पुसा.

मल्हारगंज : आमच्या जुन्या घरात दोन बायकांचा लांब संवाद आहे. कॅमेऱ्यावर महागडा शॉटगन माइक लावूनही आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. दुसरा कॉलर माइक फोनला जोडला तर काहीच रेकॉर्ड होत नाही.

पत्रात दोन वेगळे दोष आहेत. आधी सोपा घेऊ. कॉलर माइकची पिन हातात धरून तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा. दोन रेघा असतील तर तो माइक कॅमेऱ्यासाठी किंवा रेकॉर्डरसाठी आहे, तीन असतील तर फोनसाठी. दोन रेघांची पिन फोनच्या भोकात नीट बसते, पण फोनला तो हेडफोन वाटतो आणि आवाज फोनच्याच मायकवर जातो. दोनाची तीन करणारी छोटी जोडतार बाजारात मिळते. फोनला गोल भोक नसेल तर ज्यावर माइकचं चिन्ह आहे तोच टाइप-सी ॲडॅप्टर घ्या. नुसत्या गाण्यांसाठी असलेल्यातून आवाज आत जात नाही.

आता विहिरीबद्दल. माइक तोंडापासून जितका लांब, तितका थेट आवाज कमी, पण भिंतींवरून परतणारा आवाज तेवढाच राहतो. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो. कॅमेऱ्यावर बसवलेला माइक दोन मीटरवर असतो, आणि शहाबादी फरशी, चुन्याच्या भिंती, उंच आढं अशा घरात त्याला मुख्यतः खोलीच ऐकू येते. त्यात शॉटगन माइक लहान खोलीत आणखी बिघडतो. बाजूचे आवाज तो त्याच्या लांब नळीतल्या चिरांमधून आपापसांत छाटतो, आणि ते बंद खोलीत उसळून परत आले की ती छाटणी धड होत नाही. बोलणं पोकळ लागतं. हा माइक अंगणात, गच्चीवर उत्तम. आत वापरायचाच झाला तर रंगाऱ्याच्या सरकत्या दांड्याला बांधा आणि बोलणाऱ्याच्या डोक्यावर हातभर अंतरावर, हनुवटीच्या रोखाने धरा.

तुमच्या संवादाला कॉलर माइकच बरे. हनुवटीपासून एक वीत खाली, छातीच्या मधोमध लावा. पात्रं साडीत आहेत म्हणून दोन गोष्टी आधीच पाहून घ्या. पहिली म्हणजे मंगळसूत्र. वाट्या मायकवर आपटल्या की प्रत्येक श्वासाला टकटक येते, आणि संपादनात ती निघत नाही कारण ती शब्दांवरच बसलेली असते. मंगळसूत्र त्वचेवर लहानशा चिकटपट्टीने रोखा, किंवा माइक पदराच्या काठाला वाट्यांपासून चार बोटं दूर लावा. दुसरी गोष्ट खळ. खळ दिलेली सुती साडी मायकवर घासली की पापड मोडल्यासारखा आवाज येतो, म्हणून त्या दिवशी धुतलेली मऊ साडी नेसायला सांगा. मायकच्या खाली तारेचा एक छोटा वळसा घेऊन तो चिकटवा, म्हणजे तार ओढली गेली तरी धक्का मायकपर्यंत पोचत नाही.

खोलीला कापड द्या. चौकटीबाहेरच्या फरशीवर गोधड्या, सतरंज्या, समोरच्या भिंतीवर दोन रजया. पंखा आणि फ्रिज बंद. फ्रिज परत सुरू करायचा राहतो आणि घरमालकिणीचं दूध नासतं, म्हणून घरी जायच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा. शेजारी कुकर किती वाजता लागतो हे आदल्या दिवशी विचारून या.

रेकॉर्डरची पातळी अशी लावा की सर्वांत मोठ्याने बोललेला शब्द −१२ ते −६ डेसिबलमध्ये येईल. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. उतावीळपणे "कट" म्हणून बाहेर पडू नका. सगळे आपापल्या जागी उभे असताना एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. दोन संवादांच्या मधली फट पुढे ह्याच शांततेने भरायची असते. दुसऱ्या खोलीची शांतता तिथे चालत नाही, कानाला सांधा लगेच कळतो.

सुदामा नगर : मे महिन्यात दुपारी गच्चीवर फोन दहा मिनिटांत तापून बंद पडतो.

बरेच फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालतील असे बनवलेले असतात. इंदूरचा मे त्याच्या बराच वर जातो. कव्हर काढा, विमान मोड चालू करा, पडद्याचा उजेड कमी करा, ४के ऐवजी फुल एचडी ठेवा, आणि दोन शॉटांच्या मध्ये फोन पांढऱ्या छत्रीखाली ठेवा. चार्ज करत चित्रीकरण करू नका. फ्रिजमध्ये किंवा बर्फावर मुळीच ठेवू नका, भिंगाच्या आतल्या बाजूला दव धरतं. खरं तर दुपारी एकच्या उन्हात चेहरेही चांगले दिसत नाहीत, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. सकाळी साडेनऊपर्यंत उरका, उरलेलं पाचनंतर.

स्नेहलतागंज : आजोबांची मुलाखत रेकॉर्ड केली. चित्र फोनवर, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. सुरुवातीला दिलेली टाळी चित्रात आणि आवाजात जुळवली तर सगळं बरोबर बसतं, पण ३५व्या मिनिटाला ओठ आधी हलतात आणि शब्द सुमारे दोन सेकंदांनी येतात.

आकडा दिलात हे फार चांगलं केलंत, त्यातच उत्तर आहे. ३५ मिनिटं म्हणजे २१०० सेकंद. त्यांत दोन सेकंद म्हणजे हजारात एक. २९.९७ आणि ३० या दोन फ्रेम रेटमधला फरकही हजारात एकच आहे. चित्र २९.९७ने घेतलं गेलं आणि संपादनात ३०ने धावतं आहे असं दिसतं. ते किंचित लवकर संपतं, म्हणून आवाज मागे पडतो. दोन उपकरणांच्या घड्याळांतल्या फरकाने एवढं अंतर पडत नाही. दहा लाखांत वीस इतका फरक धरला तरी तासाभरात ०.०७ सेकंद, म्हणजे जेमतेम दोन फ्रेम.

मूळ क्लिपची माहिती उघडा आणि फ्रेम रेट बघा. दा विंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपच्या "ॲट्रिब्यूट्स"मध्ये तो २९.९७ करून पुन्हा जुळवा. प्रोजेक्टचा फ्रेम रेट मात्र पहिली क्लिप आत घेण्याच्या आधीच ठरवावा लागतो, नंतर ती सेटिंग गोठते. ज्या वेळी नवा प्रोजेक्ट कराल तेव्हा सर्वांत आधी तिथे जा.

माहितीत "व्हेरिएबल" असा शब्द दिसला तर दुखणं वेगळं. पुष्कळ फोन उजेड कमी झाला किंवा फोन तापला की फ्रेम रेट मध्येच घसरवतात, कधी २९, कधी २४. मग चूक सरळ वाढत जात नाही, कुठे जुळतं, कुठे सुटतं. त्यावर हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून फाइल "कॉन्स्टंट फ्रेम रेट" करून घ्या आणि नंतरच संपादनाला लागा. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. व्हिडिओची दुनिया ४८वर चालते, ४४.१ गाण्याच्या सीडीचा आकडा आहे.

पुढच्या वेळी टाळी दोनदा द्या, सुरुवातीला आणि शेवटाला. दोन्ही टोकं हातात असली की अंतर मोजून दुरुस्ती दोन मिनिटांत होते. आजोबांच्या मुलाखतीच्या मूळ फाइली मात्र जशाच्या तशा जपून ठेवा. दुरुस्ती नेहमी प्रतीवर करायची.

पलासिया : पातालपाणीच्या धबधब्यावर उन्हात शटर १/५० ठेवलं तर सगळं पांढरंफटक होतं. मग १/५०चा आग्रह कशाला?

उन्हात विजेचे दिवे नसतात, त्यामुळे पट्ट्यांचा प्रश्न नाही. आग्रह असतो तो हालचालीच्या मऊपणासाठी. १/४०००ला पडणाऱ्या पाण्याचा एकेक थेंब गोठतो आणि धबधबा पाण्यापेक्षा खड्यांचा वाटतो. हिशेब असा : लख्ख उन्हात आयएसओ ५० आणि शटर १/५० असेल तर भिंगाचं छिद्र एफ १६ लागतं (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान). फोनचं छिद्र एफ १.८ वर पक्कं असतं, म्हणजे सव्वासहा स्टॉप जास्त उजेड (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). तेवढा उजेड अडवणारा काळा काचफिल्टर लावायचा. सहा स्टॉपचा, म्हणजे एनडी ६४. उरलेला पाव स्टॉप संपादनात सहज सावरतो. दोन काचा फिरवून गडद होणारा फिल्टर सोयीचा, पण स्वस्तातला घेतलात तर अगदी गडद टोकाला चित्रावर काळी फुली उमटते. मधल्या टप्प्यातच वापरा.

तिलक नगर : आमच्या मंडळाची तीन दिवसांची व्याख्यानमाला थेट प्रक्षेपित करतो. गेल्या वर्षी आवाजात सतत घूं होती, शब्द आधी आणि ओठ मागून, आणि सभागृह भरलं की चित्र तुटायचं. या वर्षी बाहेरगावचे सभासद ऐकायला बसणार आहेत.

ही सेवा फार मोलाची आहे, म्हणून तिन्ही दोष एकेक करून सोडवू.

घूं म्हणजे ५० हर्ट्झची वीज आवाजात शिरली आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. घूं थांबली तर लॅपटॉप आणि ध्वनिक्षेपकाचा मिक्सर वेगवेगळ्या फळ्यांवरून वीज घेताहेत आणि दोन अर्थिंगांमध्ये फेरा तयार झाला आहे. दोन्ही एकाच फळीवर जोडा. तरीही राहिली तर मध्ये ऑडिओ आयसोलेटर टाका, ती ट्रान्सफॉर्मरची छोटी डबी असते. प्लगची अर्थिंगची पिन काढून घूं घालवणारे भेटतात. ते कुणालाही करू देऊ नका, माइक हातात धरलेल्या माणसाला शॉक बसू शकतो.

मिक्सरवरून आवाज घेताना "रेक आउट" किंवा "ऑक्स" लिहिलेल्या भोकातून घ्या. हा लाइन पातळीचा आवाज असतो, मायकपेक्षा कितीतरी पट जोरकस. तो सरळ लॅपटॉपच्या किंवा कॅमेऱ्याच्या माइक-भोकात घातला की फाटतो. लाइन इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस वापरा, नाहीतर ४० डेसिबलने उतरवणारी पॅड-तार. मिक्सरमधून टाळ्या येत नाहीत आणि घरी ऐकणाऱ्याला सभागृह रिकामं वाटतं, म्हणून श्रोत्यांकडे तोंड केलेला एक माइक हलक्या पातळीवर मिसळा.

शब्द आधी येतात कारण कॅमेऱ्याचं चित्र कॅप्चर कार्डातून लॅपटॉपमध्ये पोचायला वेळ घेतं आणि आवाज तारेतून आधीच पोचलेला असतो. ओबीएस स्टुडिओ या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाला "सिंक ऑफसेट", म्हणजे मुद्दाम उशीर, देता येतो. व्यासपीठावरच्या माइकपुढे एकाने टाळी द्यायची, ती २५ फ्रेमवर रेकॉर्ड करायची आणि तळवे भिडल्याची फ्रेम आणि आवाजाची फ्रेम यांतलं अंतर मोजायचं. एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. चार फ्रेमचं अंतर असेल तर १६० लिहा. ही मोजणी प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वेगळी करा आणि आकडे मिक्सरजवळ कागदावर चिकटवून ठेवा.

चित्र तुटतं कारण सभागृहात तीनशे माणसं आली की तीनशे फोन आले, आणि तुमचा मोबाइल इंटरनेटचा डोंगल त्यांच्याशी झगडतो. केबलचं इंटरनेट आणा आणि लॅपटॉपपर्यंत लॅनची तार ओढा, वायफायवर विसंबू नका. फक्त अपलोडचा आकडा बघा, तोही कार्यक्रमाच्याच वेळी. व्याख्यानाला ७२० रेषा, २५ फ्रेम आणि ३ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) भरपूर झाले. अपलोड त्याच्या दुप्पट, ६ एमबीपीएस स्थिर हवं. बिटरेट "सीबीआर" (कायम एकसारखा) आणि की-फ्रेमचं (संपूर्ण चित्र पाठवणाऱ्या फ्रेमचं) अंतर २ सेकंद ठेवा. दुसऱ्या कंपनीचा डोंगल जोडून तयार असू द्या. आणि काही झालं तरी कॅमेऱ्यातल्या कार्डावर रेकॉर्डिंग चालू ठेवा. प्रक्षेपण तुटलं तरी व्याख्यान वाचतं.

बियाबानी : तुकोबांच्या अभंगाचं जुनं रेकॉर्डिंग लघुपटात वापरलं. अभंग तर सर्वांचा आहे, मग यूट्यूबने दावा का लावला?

अभंगाचे शब्द सर्वांचेच आहेत. पण चाल ज्यांनी बांधली त्यांचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे आणि त्यात हे हक्क वेगवेगळे धरले आहेत. तीस सेकंदांपर्यंत चालतं, ही निव्वळ ऐकीव गोष्ट आहे. इंदुरात गाणाऱ्या गळ्यांची वाण नाही. पारंपरिक चालीत, एक पेटी आणि टाळ घेऊन नवं रेकॉर्डिंग करा आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांकडून लेखी संमती घ्या. संमतीत चित्रपटगृह, दूरचित्रवाणी आणि इंटरनेट तिन्हींचा उल्लेख हवा.

नारायण बाग : तीन दिवसांचं काम एकाच हार्ड डिस्कवर होतं आणि ती पडली. पुढे काय काळजी घ्यावी?

पडलेली डिस्क पुन्हापुन्हा लावून बघू नका, प्रत्येक प्रयत्नात आतलं आणखी खरवडतं. डेटा काढून देणाऱ्याकडे न्या. पुढच्या वेळी हिशेब आधी करा : ५० एमबीपीएसचं (सेकंदाला ५० मेगाबिटचं) चित्रण म्हणजे, आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने, सेकंदाला ६.२५ एमबी, तासाला २२.५ जीबी. रोज दोन तास धरले तर तीन दिवसांचे १३५ जीबी. दोन डिस्क लागतात, आणि त्या एकाच पिशवीतून घरी जात नाहीत. दोन्हींवर प्रत उतरून, फाइलींची संख्या आणि आकार जुळवून, शेवटच्या तीन-चार क्लिपा उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. भरलेल्या कार्डावर लाल चिकटपट्टी लावा. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा आणि व्ही ३० लिहिलेलं घ्या. ते सेकंदाला किमान ३० एमबी लिहितं, तुमच्या गरजेच्या जवळजवळ पाचपट.

जेल रोड : नव्वद मिनिटांचा चित्रपट पूर्ण झाला आहे, २५ फ्रेमवर, फुल एचडीत. आता इथल्या एका चित्रपटगृहात तिकीट लावून दाखवायचा आहे. पेनड्राइव्ह चालेल का?

बहुतेक ठिकाणी चालणार नाही, त्यांना डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहाच्या प्रोजेक्टरसाठी बांधलेला फाइलींचा संच, लागतो. डीसीपी-ओ-मॅटिक या फुकट सॉफ्टवेअरने तो घरीच बनतो. चित्रपटगृहाची "फ्लॅट" चौकट १९९८ × १०८० असते. तुमचं चित्र १९२० रुंद आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना ३९-३९ पिक्सेल काळे राहतील. राहू द्या. ताणून बसवलेले चेहरे वाईट दिसतात.

खरा निर्णय फ्रेम रेटचा आहे. जुन्या "इंटरऑप" प्रकारात २५ बसत नाही, नव्या "एसएमपीटीई" प्रकारात बसतं, म्हणून आधी प्रोजेक्टर चालवणाऱ्याला भेटून विचारा. २४च हवं असेल तर चित्रपट चार टक्क्यांनी लांबेल, ९० मिनिटांचा ९३ मिनिटं ४५ सेकंदांचा. आवाजही तसाच ओढला तर सूर कोमल-शुद्धमधल्या अंतराच्या सत्तर टक्क्यांनी उतरतो. संवादात ते खपून जातं, तंबोऱ्यावर चटकन कळतं. चित्रपटात गाणं असेल तर सूर कायम ठेवून आवाज लांबवण्याची सोय वापरा आणि ते गाणं कानांनी तपासा.

तिकीट लावून दाखवायचं तर १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागेल. अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर करायचा. मंडळाचं कार्यालय मध्य प्रदेशात नाही. मराठी चित्रपट मुख्यतः मुंबई कार्यालयाकडे जातात. २०२३च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या) गटाचे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन भाग झाले आहेत. तुमच्या चित्रपटात पोळ्याचा बैल किंवा टांग्याचा घोडा असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाच्या आधीच घ्यायला हवी होती. घेतली नसेल तर आजच त्या मंडळाशी पत्रव्यवहार सुरू करा, कारण प्रमाणपत्राच्या वेळी तो कागद मागितला जातो. तारीख जाहीर करण्याची घाई प्रमाणपत्र हातात येईपर्यंत करू नका.

डीसीपी चित्रपटगृहात किमान दोन दिवस आधी पोचवा आणि सकाळच्या खेळाआधीची अर्धा तास वेळ मागून घ्या. पहिली दहा मिनिटं, सर्वांत हळू बोललेला प्रसंग आणि सर्वांत मोठा आवाज एवढंच चालवा, पण शेवटच्या रांगेत बसून ऐका. त्या वेळी आवाजाचं बटण ज्या आकड्यावर असेल तो लिहून प्रोजेक्टरच्या खोलीत द्या आणि खेळाच्या दिवशी तोच आहे ना, हे वर जाऊन बघा.